शिरड शहापूरला पडलेलं खोकं

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "हिंगोलीला? तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" मी सांगते, तिथं माझं खोकं पडलं होतं. आभाळातून पडलं होतं आणि ते आणायला मी गेले होते. मग लोक हसतात. हसा बापडे! स्वतःच्या हातानं केलेली वस्तू हरवल्यावर जीपमध्ये बसून दिवसच्या दिवस धूळ खावी लागली नाही, त्यांना हसायला काय जातंय!

आधी खोक्याचं सांगते, नाहीतर माझा संताप कोणाला कळायचा नाही. बंगलोरच्या ज्या संस्थेत मी नोकरी करते तिथं उपग्रहात बसवायचं गणकयंत्र तयार होतंय. उपग्रहाला वीज मिळते ती उन्हातून, आणि तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की जवळच्या बॅटरीवर दिवस काढायचे. त्या एवढ्याशा विजेत रेडिओनं बोलायचं, कॅमेऱ्यानं बघायचं, आणि गणकयंत्राच्या वाट्याला जी उरते ती आपल्या न्हाणीघरातल्या बल्बलासुद्धा पुरायची नाही. आता गंमत अशी की यंत्र जितकं जोरात पळवाल तितकी वीज खातं, आणि खाल्लेल्या विजेचा ताप होतो. खाली ताप आला तर पंखा लावता येतो. वर हवाच नाही, तर वारा कशाचा घालणार?

म्हणून मी सावकाश चालणारं यंत्र केलं. ते उठतं, मोजमाप घेतं, हिशेब करतं आणि पुढचं काम येईपर्यंत झोपतं. दोन वर्षं त्यात गेली. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, मात्र दुसरं यंत्र हवं होतं, क्षणभरही न झोपणारं, वेगवान, परदेशी चिपा घातलेलं. भर बैठकीत ते म्हणाले, "यांचं यंत्र काम कमी करतं आणि झोपतं जास्त. सरकारी नोकर आहे का?" सगळे खो खो हसले. सगळे म्हणजे सरकारी नोकरच.

शेवटी ठरलं की दोन्ही यंत्रं एका खोक्यात घालायची, दोघांना सारखीच बॅटरी द्यायची, आणि हैदराबादहून मोठ्या फुग्याला बांधून खूप उंच सोडायची. वर थंडी कडाक्याची, हवा नावाला. प्रत्येक यंत्राला एक लाल दिवा. वेगवान यंत्राचा दिवा सारखा लुकलुकणार, माझ्याचा अधूनमधून, झोपेतून उठेल तेव्हा. खोकं छत्रीनं खाली उतरलं की शोधून आणायचं. ज्याचा दिवा चालू असेल ते यंत्र उपग्रहात जाईल.

ही झाली अट. पण साहेबांनी तिला शेपूट लावलं: दोन्ही दिवे चालू असले तर वेगवान यंत्र जाईल, आणि दोन्ही बंद असले तरी वेगवानच जाईल. म्हणजे मला जिंकायची एकच वाट, त्यांचा दिवा विझलेला आणि माझा चालू. निकालासाठी सोमवारची बैठक ठेवली. याला म्हणतात न्याय!

आखाडा बाळापूर

फुगा वेळेवर गेला, पण वाऱ्यानं आमचं काही ऐकलं नाही. आंध्रातच उतरेल म्हणून खोक्यावर सूचना लिहिल्या होत्या त्या इंग्रजीत आणि तेलुगूत. "मराठीतही लिहा," असं मी सांगितलं होतं. "कशाला?" असं उत्तर मिळालं होतं. खोकं उतरलं कुठं, तर हिंगोलीकडं. एका कचेरीतून तार आली की बाळापूरच्या शिवारात आकाशातून काहीतरी पडलंय.

आम्ही तिघं निघालो. जीप चालवायला हैदराबादचे युसूफमियाँ, दाढी पांढरी, गाडीवर प्रेम बायकोपेक्षा जास्त. दुसरे राघवन, साहेबांच्या हाताखालचे, माझ्याहून वरच्या जागेवरचे. माणूस वाईट नाही, पण साहेबांना इतका घाबरतो की शिंक आली तरी परवानगी घेईल. मोहिमेचे प्रमुख तेच. खोकं जसं सापडेल तसं सीलबंद बंगलोरला आणायचं, कोणीही हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम त्यांच्या खिशात होता, आणि दर दोन तासांनी खिसा चाचपून ते खात्री करून घेत होते.

नांदेड सोडलं आणि काळी जमीन सुरू झाली. मी साताऱ्याची. आमच्याकडं मान वर केली की डोंगर दिसतो, म्हणून इथलं ते मोकळं आभाळ पहिल्यांदा मला उघड्या अंगणात झोपल्यासारखं वाटलं. थंडीचे दिवस होते. तूर पिवळी होऊन आली होती, कापसाची शेवटची वेचणी चालली होती, आणि ज्वारी माणसाच्या वर गेलेली. राग नसता तर मी हे सगळं सावकाश बघितलं असतं.

बाळापूरला आठवड्याचा बाजार होता. जीप कोंबड्या, टोपल्या आणि बैलांच्या मधे अडकली. मी उतरून विचारत सुटले. बांगड्यावाल्याला विचारलं, हॉटेलवाल्याला विचारलं, एका टोपीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, "वरून पडलं? काय पडलं वरून? यंदा पाऊसच बराबर पडला न्हाई, बाकी काय पडायचं?"

तार करणारी कचेरी हिंगोलीला. तिथं गेलो. टेबलामागचा माणूस पान चघळत होता. मी सगळं नीट सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारलं, "साहेब कुठंयत?"

"मीच आहे," मी म्हणाले.

"न्हाई, पण साहेब?"

राघवन आत आल्यावर खुर्ची पुढं आली, चहा आला, पंखासुद्धा लागला, भर थंडीत! राघवनना मराठीचं अक्षर कळत नाही. तरी तो माणूस राघवनकडं बघून मराठीत बोलायचा, मी ते इंग्रजीत सांगायचे, राघवन मान डोलवायचे, आणि तो खूश व्हायचा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एवढं करून निष्पन्न काय? बाळापूर हे चुकून लिहिलं गेलं, वस्तू पडली ती वाशीमच्या रस्त्यावर, कनेरगाव नाक्याला. "चुकून" हा शब्द त्यानं इतक्या प्रेमानं उच्चारला, जणू शेजारच्या पोरानं चेंडू खिडकीत मारला.

कनेरगाव नाका

नाक्यावर एक धाबा आहे. लांबूनच त्याचं छप्पर असं चकाकत होतं की युसूफमियाँ म्हणाले, "अरे बाप रे, मेमसाब, ये तो ताजमहल है!" जवळ गेलो तर काय, आमचा फुगा! खोकं छत्रीनं वेगळं उतरतं आणि फाटलेला फुगा वारा नेईल तिथं जातो. त्याचं ते पातळ प्लास्टिक धाबेवाल्या गृहस्थांनी धुऊन, कापून, ताणून छपरावर बसवलं होतं. उरलेलं कडब्याच्या गंजीवर. तरी उरलेलं त्यांच्या बायकोनं पापड वाळवायला ठेवून घेतलेलं.

धाबेवाला आम्हाला बघून घाबरला नाही. उलट अभिमानानं म्हणाला, "लई भारी माल हाय साहेब. एक थेंब गळायचा न्हाई. अजून येनार हायेत का?"

राघवन हिंदीत म्हणाले की ही सरकारी मालमत्ता आहे.

"मंग सरकारनं वर काहून सोडली?" धाबेवाला म्हणाला. राघवननी पुन्हा खिसा चाचपला.

तिथं पिठलं, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा खाल्ला. आमच्याकडची भाकरी जरा जाड असते. इथली पातळ, आणि ताटाबाहेर जाईल एवढी मोठी. ठेचा तोंडात टाकला आणि राघवन इंग्रजी विसरले. पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं मनापासून आलेलं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या बाजेवर बसलेला एक ट्रकवाला म्हणाला की लाल दिव्याचं खोकं पाहिजे असेल तर ते शिरड शहापूरच्या बाजूला आहे, औंढ्याच्या पुढं, एका बाईच्या रानात पडलंय, सारा तालुका बघून आला.

सारा तालुका बघून आला! आणि कचेरीतला तो पानवाला? शिरड शहापूर नांदेडहून वसमतमार्गे सरळ रस्त्यावर. पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणाआधी पोचलो असतो. तो भला माणूस आम्हाला तालुकाभर गोल फिरवून आणत होता, आणि तिकडं माझ्या यंत्राची बॅटरी थेंबाथेंबानं संपत होती. दोन वर्षं मी ज्याची एकेक तार जोडली, त्याचा दिवा तिथं कोणत्या तरी कोपऱ्यात विझायला आलेला, आणि आम्ही खुर्ची, चहा, पंखा! जीपमध्ये मी इतकी बडबडले की युसूफमियाँनी न सांगता वेग वाढवला.

शिरड शहापूरच्या अलीकडं

त्या बाईची वस्ती शिरड शहापूरच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. आमची बातमी आमच्या आधी पोचली होती. सरपंच हार घेऊन उभे. हार कोणाला? राघवनना. नारळ कोणाला? राघवनना. "साहेबांनी एवढं मोठं यंत्र बनवलं," असं भाषण झालं आणि त्याचं इंग्रजी मी करायचं! मी केलं. फक्त "साहेबांनी" आलं की "तुमच्या या सहकारी बाईंनी" असं सांगत गेले. राघवन गोंधळून माझ्याकडं बघत राहिले.

"खोकं कुठंय?" मी विचारलं.

सरपंचांचा चेहरा जरा उतरला. "तिकडं हाय, बौद्धवाड्यात. सगुणाबाईच्या रानात पडलं ना. आमी म्हनलं ग्रामपंचायतीत ठेवू. तर ती देतच न्हाई."

आम्ही निघालो. सरपंच पुढं चालत होते. बौद्धवाडा सुरू झाला तिथं एक लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली ते थांबले आणि म्हणाले, "या तुमी जाऊन, मी हितंच हाय." चपला बोचत असतील म्हणून नव्हे. मी बघितलं त्यांच्याकडं, चांगलं रोखून बघितलं. आभाळात यंत्र पाठवायच्या गोष्टी करतो आपण, आणि या माणसाला त्या झाडाच्या पुढं चार पावलं टाकवत नाहीत! हे सगळं मी राघवनना इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, "आपण खोक्याचं बघू." मी म्हणाले, "बघू."

सगुणाबाईंचं घर विहाराला लागून. सारवलेली ओसरी, कोपऱ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग आणि ढिगाशेजारी सतरंजीवर माझं खोकं, अंगावर चौघडी पांघरलेलं! सगुणाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जाईल असा.

"आल्या का खोक्याच्या माय?" त्या म्हणाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडं बघून बोललं होतं. मला एकदम भरून आलं, पण ते फार टिकलं नाही.

मी चौघडी बाजूला केली. झाकण उघडलेलं. सील गेलेलं. आणि आत वेगवान यंत्राचा दिवा लुकलुकतोय. माझा दिवा बंद.

मी दिव्याकडं डोळे लावून बसून राहिले. मग बऱ्याच वेळानं माझाही दिवा लागला, मंद, आणि विझला. म्हणजे झोपलं होतं, मेलं नव्हतं. पण दोन्ही चालू म्हणजे मी हरले. राघवनच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जणू परीक्षेत पोरगा पास झालाय.

"दोन्ही चालू," ते म्हणाले. "तसं लिहून घेऊ."

मला पटेना. त्या यंत्राची भूक मी मोजलेली होती. एवढे दिवस ते जगणं शक्यच नव्हतं. मी वाकून बघितलं, तर दोन बॅटऱ्यांच्या मधे एक जाड, दुहेरी पिवळी तार, आमची नव्हे, व्यवस्थित पिळून बांधलेली.

"हे कोणी केलं?" मी ओरडलेच.

"म्या केलं," मागून आवाज आला. सगुणाबाईंचा दीर, लक्ष्मण मिस्त्री. लाउडस्पीकर लावायचा, बॅटऱ्या चार्ज करायचा धंदा. उभा राहिला तो बक्षीस घ्यायला आल्यासारखा. "प्लसला प्लस, मायनसला मायनस. बराबर हाय ना बाई?"

"काय बराबर? कशाला जोडलं? कोणी सांगितलं होतं?"

सगुणाबाईंनी सोललेले दाणे सुपात टाकले. "काहून चिडून राहिल्या? बसा, पानी घ्या. म्या सांगते. खोकं आनलं तवा एक दिवा पार गेलेला. दुसरा मधूनच डोळा उघडायचा. म्या लक्ष्मनभाऊला म्हनलं, एका आईची दोन लेकरं दिसतात, एक मरून राहिलं, दुसऱ्याच्या अंगात अजून जीव हाय. तर भाऊनं जोडून दिलं. ज्याच्या घरी दाने हायेत त्यानं दुसऱ्याला द्यायचं. आमच्या वस्तीत तसंच हाय. दुष्काळात एकाची चूल पेटली तर त्याच्यावर चार घरं जेवली."

रागानं मला रडू यायचं बाकी होतं. त्या माणुसकीनं माझा गळा कापला होता! साहेबांचं ते खादाड यंत्र कधीच मेलं होतं, आणि माझ्या यंत्रानं पोटाला चिमटा घेऊन राखलेली शिदोरी खाऊन ते आता मिरवत होतं. मी राघवनना म्हणाले, "ऐकलंत? विझला होता तो. ही तार काढा, आत्ताच्या आत्ता कळेल."

"हात लावू नका!" राघवन किंचाळले. हुकूम खिशातून बाहेर आला. "जसं सापडलं तसं न्यायचं आहे."

"सापडलं तेव्हा तो विझलेला होता."

"आपल्याला सापडलं तेव्हा चालू आहे. आणि तुमचा हात लागला तर साहेब म्हणतील तुम्हीच बिघडवलं."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. माझा हात लागला की निकाल बाद. तार तशीच ठेवावी तर बंगलोरला पोचेपर्यंत ते हावरट दोघांचंही खाऊन टाकणार, दोन्ही दिवे विझणार, आणि तरीही वेगवानच जिंकणार. मी ओसरीवर फेऱ्या मारत जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. साहेबांना बोलले, हुकुमाला बोलले, पानवाल्याला बोलले. मराठीत बोलले, त्यामुळे राघवन सोडून सगळ्यांना कळलं. युसूफमियाँ खांबाला टेकून "हौ, हौ, बराबर" म्हणत होते.

सगुणाबाई ऐकत होत्या आणि शेंगा सोलत होत्या. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे आमच्या तारेनं तुमच्या लेकराची उपासमार झाली म्हना की."

"झाली."

"आमाला काय ठावं बाई. आमाला दोनी तुमचीच वाटली."

माझ्या फेऱ्या थांबल्या. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही आमचीच नव्हती का? सगुणाबाई उठल्या, पदर खोचला, आणि राघवनच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, खोकं तुमचं?"

त्यांनी विचारलेलं मी इंग्रजीत सांगितलं. राघवन म्हणाले, हो, संस्थेचं.

"छत्री तुमची?"

तीही संस्थेची.

"आन ही तार?"

राघवननी तारेकडं बघितलं. हुकुमाकडं बघितलं. तार संस्थेची नव्हती.

"ही जयंतीच्या लाइटिंगची तार हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "साऱ्या वस्तीनं मिळून घेतलेली. साल-दरसाल विहारावर लागती. तुमी ती बंगलोरला घेऊन चालले, मंग जयंतीला आमी काय अंधारात बसावं? तुमचं तुमी न्या. आमचं आमाला द्या."

राघवन घाबरट असले तरी कागदाला प्रामाणिक आहेत. दुसऱ्याची वस्तू सरकारी खोक्यात घालून न्यायची, हे त्यांच्या कोणत्याच नियमात बसत नव्हतं. ते उठले, बसले, कपाळ पुसलं. मग म्हणाले, "त्यांची तार त्यांना काढून घेऊ द्या. पण दुसऱ्या कशाला हात लागता कामा नये. आणि मी समोर उभा राहीन."

"राहा की," सगुणाबाई म्हणाल्या. "कोन जा म्हनतं?"

लक्ष्मण मिस्त्रीनं पीळ उलटा फिरवला. तार सुटली. वेगवान यंत्राचा दिवा दोनदा लुकलुकला, लाल होता तो तांबूस झाला, आणि गेला. अगदी आमच्या डोळ्यांदेखत गेला. राघवननी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

आता माझा. तो तर आधीच बंद होता, झोपलेला की मेलेला कोणालाच कळत नव्हतं. ओसरीवरची सगळी माणसं खोक्यावर वाकली. लिंबाखालचे सरपंचसुद्धा मान वळवून बघत होते. एक कोंबडी खोक्याजवळ आली तिला युसूफमियाँनी हातानं हटकलं. मला वाटलं संपलं सगळं, शेवटचा दाणासुद्धा त्या हावरटानं खाल्ला. सगुणाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दिवा लागला.

"उठलं ग बाई, उठलं!" सगुणाबाईंनी अशी आरोळी दिली की वाटावं, खरंच कोणाच्या घरी पाळणा हलला. लक्ष्मण मिस्त्री तार गुंडाळता गुंडाळता हसला. राघवननी हुकूम घडी करून खिशात ठेवला. मग हळूच हिंदीत म्हणाले, "चलता है."

त्यानंतर आम्हाला जेवल्याशिवाय कोण सोडणार? तुरीच्या उकडलेल्या शेंगा आल्या, येसराची आमटी आली. ही आमटी भाजलेल्या डाळी आणि धान्यांच्या मसालेदार पिठाची करतात. आमच्याकडं ती कोणाला माहीत नाही याचा मला तिथं बसल्या बसल्या राग आला. राघवननी ती तीन वेळा घेतली. लिंबाखाली उभ्या असलेल्या सरपंचांना सगुणाबाईंनी मोठ्यानं विचारलं, "जेवता का सरपंच?" ते म्हणाले, "पोट भरलंय." सगुणाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रोजच भरलेलं असतं त्यांचं." आणि पुढची भाकरी माझ्या ताटात टाकली.

परत

वसमतवरून सरळ नांदेड. तोच तो रस्ता, ज्यानं आधीच यायला हवं होतं. खोकं मी मांडीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर, आणि युसूफमियाँ खड्ड्यालाच शिव्या देत. दिव्याचं उजळणं दर खेपेला उशिरा होतंय आणि मंद होतंय असं मला वाटे. राघवन म्हणत, "तेवढंच आहे. तुम्हाला वाटतंय." आता ते माझ्या बाजूचे झाले होते, पण हे साहेबांना कळू नये म्हणून नांदेडपासून पुन्हा अंतर राखून बसले.

सोमवारी बैठक. खोकं टेबलाच्या मधोमध. राघवननी अहवाल वाचला, खालच्या मानेनं, पण एक शब्द न गाळता. साहेबांनी तो ऐकला आणि हातानं बाजूला केल्यासारखं केलं. मग सुरू झाले. म्हणे खेड्यातल्या लोकांनी हात लावलेल्या वस्तूवर भरवसा कसा ठेवायचा. म्हणे एक बाई काहीतरी सांगते, तो काय प्रयोग झाला? आणि म्हणे आता तर दोन्ही दिवे बंद दिसतायत, तेव्हा अटीप्रमाणे निकाल उघड आहे. जगातले पुढारलेले देश वेगाच्या मागं आहेत, आपण झोपणारी यंत्रं वर पाठवून हसं करून घ्यायचं का? सगळ्यांनी हसायची तयारी केली.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. पाठीवर सगुणाबाईंचा हात आहे असं धरून बसले आणि खोक्याकडं बघत राहिले. साहेब वेगावर बोलत होते, बोलत होते.

आणि दिवा लागला.

साहेब वाक्य अर्धं टाकून थांबले. ते पुढं वाकले, चष्मा सरकवला, आणि इंग्रजीत विचारलं, "हे अजून चालू आहे?"

खोलीत मराठी कळणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून तेच आलं.

"व्हय," मी म्हणाले.